एका बिननावाच्या कॅसेटची कुळकथा

या व्यासपीठावरून आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासाविषयी चार शब्द बोलावेत अशी चालकांची इच्छा होती. आम्ही विषय निवडला व्हिडिओ गेमचा. पन्नाशी उलटलेल्या युनियनच्या माणसाने पोरासोरांच्या खेळावर व्याख्यान द्यावे, हे ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, चळवळीचा विषय आम्ही मुळीच टाकलेला नाही. तो या खेळात कोठे दडला आहे, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास हवे. १९९१ साली देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि पुढील चार-पाच वर्षांत ठाणे-कल्याणच्या बाजारपेठांत एक नवीच वस्तू दिसू लागली. पिवळट पांढऱ्या प्लास्टिकची एक पेटी, तिला तारांनी जोडलेले दोन रिमोट, आणि पेटीच्या डोक्यावर खोचावयाची कॅसेट. अँटेनाच्या जागी तिची वायर लावावयाची, टीव्हीचे बटन फिरवून चित्र जुळवावयाचे, आणि खेळ सुरू. 'समुराय', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावे त्या पेट्यांवर असत. नाव कोणतेही असो, आतले यंत्र बहुधा एकाच घराण्याचे असे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' ऊर्फ 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले होते. पुढे तैवानच्या कारखान्यांनी त्यातील चिपांची नक्कल केली आणि त्या नकलेची पिल्ले निम्म्या जगात पसरली. आमच्या गल्लीतही त्यांतलेच एक आले. मूळ मालाच्या किमतीने जो दरवाजा बंद होता, तो या नकली मालाने उघडला, ही गोष्ट नीतीच्या चौकटीत बसो वा न बसो, खरी आहे. त्याच दशकाच्या मध्यास मद्याच्या धंद्यात नाव कमावलेल्या शॉ वॉलेस कंपनीने सेगाची अस्सल यंत्रे देशात विकावयास घेतली. पण ती आमच्या वस्तीपर्यंत कधी पोहोचली नाहीत.

ज्यांच्या घरी पेटी नव्हती, त्यांच्यासाठी दुकाने होती. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिच्या कडेच्या किसननगरात एका गाळ्यात तीन टीव्ही मांडून एक गृहस्थ तासावर खेळ लावीत. १९९६ च्या उन्हाळ्यात जवळच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. आम्ही तेव्हा युनियनचे पावतीपुस्तक काखेत मारून हिंडणारे तरुण कार्यकर्ते होतो. सायंकाळी गेटसभेस माणसे जमेनात. चौकशी केली तेव्हा समजले की, बदली कामगारांतील निम्मी पोरे त्या गाळ्यात बसलेली असतात. आम्ही तावातावाने त्यांना उठवावयास गेलो. भाषणही मनात जुळवून ठेवले होते. भांडवलशाहीने कामगाराच्या हाती दिलेली नवी अफू वगैरे वगैरे. गाळ्यात शिरलो तो काय, दोन पोरे एकाच पडद्यावर खांद्याला खांदा लावून गोळ्या झाडीत धावत होती, आणि एक दुसऱ्यास ओरडून सांगत होता, "तू वरचे बघ, खालचे मी सांभाळतो!" भाषण घशातच राहिले. त्या सायंकाळी गेटसभा अर्धा तास उशिरा सुरू झाली, आणि तिला उशीर होण्याचे कारण आम्ही स्वतःच होतो, ही कबुली आज जाहीरपणे देत आहोत.

ते पोर खेळत होते त्या खेळाचे नाव 'कॉन्ट्रा'. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८७ साली नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर काढला आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर आणला. धावावयाचे, उड्या मारावयाच्या, समोर येईल त्यावर गोळी झाडावयाची, एवढेच त्याचे सूत्र. या जातीच्या खेळांत आमच्या पिढीने कॉन्ट्रा ओळखला आणि बाकी कोणास ओळखलेच नाही. वर, खाली, डावे, उजवे अशी बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की तीन ऐवजी तीस लाइफ मिळत. तो क्रम काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कारागिराने १९८६ च्या 'ग्रेडियस' या खेळाची तपासणी करताना स्वतःच्या सोयीसाठी घातला होता, कारण तो खेळ त्याला स्वतःलाच पार होईना. काम सोपे व्हावे म्हणून कामगाराने यंत्रात मारलेली पाचर तशीच राहून गेली आणि ती जगभरच्या पोरांना पाठ झाली! हाशिमोतो २०२० साली वारले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. त्या गाळ्यात कॅसेटींचा एक डबा होता. त्यांतील बहुतेक '९९९ इन १' छापाच्या. नावे नऊशे नव्याण्णव, खेळ दहा-वीस, बाकीची त्यांचीच पुनरावृत्ती. हजेरीपटावर बोगस नावे घालून पगार उचलणारे मुकादम आम्ही पाहिले होते, त्यामुळे या हिशेबाचे आम्हांस नवल वाटले नाही. परंतु डब्याच्या तळाशी लेबल निघालेली एक कॅसेट होती. गृहस्थ तिला 'दुसरा कॉन्ट्रा' म्हणत. कोणी ती मागत नसे. तासाचे पैसे दोघांत वाटून घ्यावयाचे तर खेळ दोघांचा हवा, आणि हा खेळ एकट्याचा होता. शिवाय अवघड. जो एकटा पैसे मोजून बसे, तो दहा मिनिटांत आउट होऊन उठे. टाळेबंदी लांबली तेव्हा दुपारच्या वेळी गाळा रिकामा असे. गृहस्थांनी आम्हांस दोन-तीनदा ती फुकट लावून दिली. आम्ही पहिल्या टप्प्यापलीकडे गेल्याचे आठवत नाही. परंतु तिचे संगीत कानात राहिले ते कायमचे.

हा खेळ कोणता, हे समजावयास आम्हांस वीस वर्षे लागली. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने मोबाईलवर ती चाल वाजविली आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. जपानमध्ये त्याचे नाव 'राफ वर्ल्ड', अमेरिकेत 'जर्नी टू सिलियस', साल १९९०, काढणारी कंपनी सनसॉफ्ट, म्हणजे आयची प्रांतातील कोनान गावच्या सन डेन्शी या कारखानदारीचा एक विभाग.

त्याची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. सनसॉफ्टने हा खेळ मुळात 'टर्मिनेटर' या १९८४ च्या गाजलेल्या अमेरिकन चित्रपटावर बेतावयास घेतला होता. जाहिरातही झाली होती. मध्येच त्या नावाचे हक्क हातचे गेले. आता विचार करा: चित्रे काढून झालेली, चाली बांधून झालेल्या, शत्रू घडवून झालेले, आणि वरून हुकूम की हे नाव वापरावयाचे नाही! कारागिरांनी माल भंगारात टाकला नाही. चित्रपटाचा नायक काढला आणि जे मॅक्रे नावाचा एक तरुण आणला. त्याचा बाप अंतराळातील नव्या वसाहतीच्या कामावर असताना स्फोटात मारला जातो आणि मुलगा सूडास निघतो, अशी नवी गोष्ट शिवली. तरी जुन्या अंगरख्याचे टाके दिसतातच. शेवटी जो यंत्रमानव समोर येतो, त्याचा लोखंडी सांगाडा पाहून चित्रपट पाहिलेला कोणीही ओळखील. टर्मिनेटरचे नाव लावलेला खेळ याच यंत्रावर पुढे १९९२ साली दुसऱ्या कंपनीने काढला.

नावाची किंमत किती असते, याचा पुरावा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालात सापडतो. सनसॉफ्टनेच त्याच सुमारास 'बॅटमॅन' या १९८९ च्या चित्रपटावर एक खेळ काढला. त्याच मुशीतला, पण त्याला चित्रपटाचे नाव होते, म्हणून तो गाजला. सिलियस मागे पडला. त्याच्या नशिबी वेळही वाईट आली. नोव्हेंबर १९९० मध्ये निन्टेंडोचे नवे यंत्र, सुपर फॅमिकॉम, जपानच्या बाजारात उतरले आणि जुन्या यंत्राच्या मालाकडे पाहावयास लोकांना फुरसत राहिली नाही.

संगीताविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. फॅमिकॉमला आवाजाच्या पाच वाटा. दोन पेटीसारख्या सुरांच्या, एक घुमाऱ्या खालच्या सुराची, एक नुसत्या खरखरीची, आणि पाचवी टिपून ठेवलेल्या आवाजाचा तुकडा वाजविणारी. इतर कंपन्या सामान्यतः खालचा सूर तिसऱ्या वाटेस देत आणि पाचवी फुटकळ ठोक्यांसाठी वापरीत, किंवा मोकळीच ठेवीत. सनसॉफ्टच्या माणसांनी काय केले, तर खऱ्या बास गिटारसारखा टिपलेला सूर पाचव्या वाटेवर चढविला, आणि मोकळ्या झालेल्या तिसऱ्या वाटेकडून ढोलाचे काम घेतले. भजनी मंडळात पाचच माणसे असावीत आणि पेटीवाल्याने मृदंगाची, टाळकऱ्याने चिपळ्यांची उणीव भरून काढावी, तसा हा प्रकार. संगीत नाओकी कोदाका यांचे. गाळ्यातल्या टीव्हीचा स्पीकर फाटका होता. त्यातूनही तो ठोका छातीत लागे.

या धंद्यात कारागिराचे नाव ही मोठी वादाची गोष्ट होती. त्या काळी जपानी खेळांच्या शेवटी नावे येत ती पुष्कळदा टोपणनावे असत. आपला कसबी माणूस प्रतिस्पर्ध्याने फोडू नये म्हणून मालक खरे नाव छापू देत नसत. अमेरिकेतही निराळे नव्हते. अटारी कंपनीत वॉरन रॉबिनेट याने 'अॅडव्हेंचर' नावाचा खेळ एकट्याने रचला. नाव द्यावयास कंपनी तयार नव्हती, म्हणून त्याने खेळात एक गुप्त खोली बांधून तेथे आपले नाव कोरले, आणि नोकरी सोडून गेल्यावर ते उघडकीस आले. त्याच अटारीतून डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, अॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड असे चौघे नाव आणि मोबदला या दोन मागण्यांवरून बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन उभी केली. आम्ही आयुष्यात शेकडो मागणीपत्रे लिहिली; पगार, बोनस, रजा, कँटीन. मालावर नाव हवे, ही मागणी आम्ही एकदाही लिहिली नाही, आणि ती लिहावयास हवी होती असे आज वाटते. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातील बाकावर झाले. तेथे पुस्तकावर लेखकाचे नाव असते, क्वचित छापखान्याचे. खिळे जुळविणाऱ्याचे कधी पाहिले नाही.

ज्या कारखान्याच्या टाळेबंदीची गोष्ट सांगितली, तो पुढे उघडला, काही वर्षांनी कायमचा मिटला, आणि त्या जागी आता इमारती आहेत. तेथे घडलेले सुटे भाग अजूनही कोणाच्या तरी यंत्रात फिरत असतील. ते कोणी घडविले, हे त्या यंत्राच्या मालकास ठाऊक नाही. गाळा २००० च्या आसपास बंद झाला. गृहस्थांनी टीव्ही विकले, डबा भंगारवाल्यास दिला. "ती एक कॅसेट तुमच्यासाठी काढून ठेवणार होतो," असे ते आम्हांस नंतर एकदा स्टेशनवर भेटले तेव्हा म्हणाले, "पण लेबल नव्हते हो, कोणती ती ओळखता आली नाही."