उभ्या गाडीचं प्रदूषण: पेट्रोलच्या वाफेचा आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास



आज आपण एका पिवळ्या दिव्यापासून सुरुवात करू. अमेरिकेत एका घरासमोर गाडी उभी आहे. ती छान चालते, धूर सोडत नाही, ॲव्हरेजही ठीक देते. तरी डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा लागलाय. मालक एक छोटा कोड रीडर विकत आणतो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावतो. पडद्यावर येतं, पी ०४५५. म्हणजे पेट्रोलची वाफ कुठूनतरी बाहेर जातेय. मालक टाकीचं झाकण काढतो, रबराची रिंग पुसतो, आणि कटकट आवाज येईपर्यंत झाकण घट्ट फिरवतो. पुष्कळदा दुरुस्ती एवढीच असते.

आता प्रश्न असा, की ही दुरुस्ती घरमालकाच्या हाती आली कशी? आणि दारात उभ्या असलेल्या गाडीची वाफ कायद्यात शिरली कधी? ही साधारण पन्नास वर्षांची गोष्ट आहे आणि ती लॉस एंजेलिसमध्ये सुरू होते.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. शहरावर दाट, तपकिरी धुरकं उतरलं. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. काहींना तर वाटलं, जपानने विषारी वायूचा हल्ला केला! नंतर संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद करून पाहिला, पण धुरकं काही गेलं नाही.

उत्तर शोधलं आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होते बरं का! वासाची द्रव्यं पकडायची हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५०च्या आसपास त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. या ओझोनने रबराला चिरा पडतात, म्हणून वाकवलेल्या रबरी पट्ट्यांवरून ते ओझोन मोजतही असत. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून त्यांच्यावर आक्षेप घेतले गेले. ते मागे हटले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

आपल्या विषयासाठी यातला 'न जळलेलं पेट्रोल' हा शब्द महत्त्वाचा. कारण ते सायलेन्सरमधूनच बाहेर पडेल असं नाही. तेव्हा टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असायचं. दुपारच्या उन्हात टाकी तापली की वाफ सरळ बाहेर. इंजिन बंद केल्यावर त्याच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोलही उडायचं. गाडीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा असा नुसत्या वाफेचा होता. त्यामुळे आधी इंजिनच्या पोटातले वायू, मग १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सायलेन्सरचा धूर, आणि मग वाफ अशा क्रमाने नियम आले. वाफेचा नियम १९७०च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून देशभर लागू झाला.

उपाय साधा होता. आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसा सक्रिय कोळसा एका डब्यात भरायचा. याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी उभी असताना वाफ कोळशात धरून ठेवली जाते. इंजिन चालू झालं, की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेलं पेट्रोल हवेत न जाता कामाला येतं.

१९७८ पासून चाचणीही कडक झाली. अख्खी गाडी बंद खोलीत ठेवायची आणि किती वाफ निघते ते मोजायचं. मर्यादा होती एका चाचणीला ६ ग्रॅम, आणि १९८१ मध्ये ती २ ग्रॅम झाली. पण खोलीतली गाडी नवी असते. रस्त्यावरच्या गाडीचा रबरी पाइप तडकतो, झाकण हरवतं, आणि गाडी मात्र पहिल्यासारखीच चालते. मग मालकाला कळणार कसं? आणि कळलं नाही तर तो दुरुस्त कशाला करेल?

इथे १९९०ची कायदादुरुस्ती येते. तिच्या दोन बाजू एकत्र पाहिल्या पाहिजेत. प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकायला व्यावसायिक गॅरेजांना बंदी आधीच होती. आता ती प्रत्येक व्यक्तीला लागू झाली, म्हणजे घरी पाना हातात घेणाऱ्यालाही. आणि त्याच कायद्याने कंपन्यांना सांगितलं, दुरुस्तीची माहिती तुमच्या डीलरपुरती ठेवू नका, बाहेरच्या कारागिरांनाही द्या. १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकच सॉकेट आणि मुख्य बिघाडांसाठी एकसारखे कोड आले. गाडी साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती स्वतःच शोधू लागली. २००० पासून टप्प्याटप्प्याने हे माप अर्ध्या मिलिमीटरवर आलं.

आमच्या मते खरं वळण हेच. जबाबदारी घरमालकावर टाकली, पण बिघाड वाचायचं साधनही त्याच्या हाती आलं. नुसती बंदी असती, तर बिघाड वर्षानुवर्षं तसेच राहिले असते.

आता घरी करण्यासारखं काय आहे? आधी झाकण आणि त्याची रिंग. मग पाइपांना कुठे चिरा आहेत का ते पाहायचं. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा, फुंकर मारली तर हवा पलीकडे जाता कामा नये. व्हेंट व्हॉल्व्हचं सहसा उलट, वीज नसताना तो उघडा असतो. बारीक भोक मात्र गॅरेजमधल्या धुराच्या यंत्रानेच सापडतं. काम उघड्यावर, थंड इंजिनवर करायचं, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. आणि कॉम्प्रेसरची हवा पाइपात अजिबात सोडायची नाही, कारण ही यंत्रणा अगदी कमी दाबाची आहे.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझत नाही. इंजिन थंड असताना, टाकी पूर्ण भरलेली किंवा रिकामी नसतानाच गाडी ही चाचणी घेते. काहीजण घाईने कोड पुसतात. त्याने दिवा विझतो, गळती थांबत नाही. शिवाय चाचण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि तिथल्या तपासणी केंद्रावर ते लगेच उघड होतं.

लॉस एंजेलिसची हवा आजही निर्मळ नाही. पण गाड्या कित्येक पटींनी वाढूनही ओझोनचे सर्वांत वरचे आकडे पूर्वीपेक्षा खूप खाली आलेत. त्यात दारातल्या या किरकोळ दुरुस्त्यांचाही वाटा आहे.

जाता जाता एक. आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांमध्येही हा कोळशाचा डबा असतो. टाकी फुल करताना पंपाचा नळ आपोआप बंद झाला, की आपण म्हणतो, "राउंड फिगर करा हो!" जास्तीचं पेट्रोल त्या डब्यात शिरलं, तर कोळसा भिजून निकामी होऊ शकतो. पुढच्या वेळी नळ थांबला, की आपणही थांबूया.