नळदुर्ग परत मिळाला, वऱ्हाड का नाही?

१/ इलेक्ट्रिक मोटार विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने, याचा हिशेब आज अनेक घरांत मांडला जातो. मालकी एकाकडे आणि वापर दुसऱ्याकडे, या व्यवहाराचे खरे मर्म मात्र मुदतीत आणि हिशेबाच्या अधिकारात असते. नळदुर्गच्या इतिहासात हे स्वच्छ दिसते.

२/ 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेवर नियंत्रण इंग्रजांचे, खर्च निजामाचा. पगार थकले, कंपनीचे कर्ज वाढले. अखेर मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गसह धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडे सोपवला गेला.

३/ सार्वभौमत्व निजामाचे, कारभार कंपनीचा. खर्च वजा जाता उरलेली रक्कम निजामास द्यायची आणि हिशेबही दाखवायचा, असे ठरले. पण मुलूख परत देण्याची मुदत ठरली नाही. आणि कारभारावर किती खर्च करावा, हे कंपनीच्याच हाती राहिले.

४/ नळदुर्गचा कारभार कर्नल मेडोज टेलर याच्याकडे आला. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला हाच तो लेखक. किल्ल्यात राहून त्याने १८५७ पर्यंत जिल्हा सांभाळला. रस्ते आणि जमीनमोजणीची कामे हाती घेतली.

५/ १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दोआब परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. म्हणजे नळदुर्ग परत आला तो करारातील कलमामुळे नव्हे, तर बदललेल्या राजकारणामुळे.

६/ कापसाने समृद्ध वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. शिवाय त्याच तहात निजामाने जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडला. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाडासाठी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले.

७/ १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला : वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले. सातव्या निजामाने ते परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी नकार कळवला.

८/ कागदावर मालक निजामच होता. परंतु ज्या पट्ट्याला अंत नाही आणि ज्याचा हिशेब मागता येत नाही, तो नावापुरताच पट्टा असतो; प्रत्यक्षात ती विक्रीच ठरते. मुलूख असो वा मोटार, सही करण्यापूर्वी भाड्याच्या आकड्याइतकेच मुदतीचे कलमही वाचावे लागते.