सेहेचाळीस नंबरची मोटार

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. पहिल्या धंद्यात खोटे चालत नाही, दुसऱ्यात त्यावाचून भागत नाही. म्हणूनच की काय, दारी मोटार नसतानाही जुन्या मोटारींच्या शर्यतींविषयी जे मिळेल ते वाचण्याचा मला नाद आहे. दिवाळी अंकांत राजेरजवाड्यांच्या कथा पुष्कळ असतात. आज एका घरगुती जपानी मोटारीची बखर सांगतो.

१९६७ साली जपानच्या निस्सान कंपनीने ‘ब्लूबर्ड’ घराण्यातली नवी गाडी काढली. अमेरिकेत ती ‘डॅटसन ५१०’ या नावाने गेली. रूप अगदी साधे, खोक्यासारखे. नवराबायको, मुले आणि बाजाराच्या पिशव्या मावतील एवढी ऐसपैस. किंमत दोन हजार डॉलरांच्या आसपास. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असे लोक म्हणत तो हा काळ.

या समजाशी ज्यांनी दावा मांडला ते युताका कातायामा. १९५८ साली ते दोन चिमुकल्या डॅटसन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या प्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले आणि आपल्या वर्गात जिंकून आले. १९६० साली कंपनीने त्यांना अमेरिकेत पाठवले. गृहस्थ मोठा चिवट! अमेरिकेच्या लांबलचक रस्त्यांवर दुबळे इंजिन चालायचे नाही, असा हट्ट धरून त्यांनी ५१० साठी १६०० घन सेंटिमीटरचे इंजिन पदरात पाडून घेतले. शिवाय या गाडीची मागली चाके एकाच ताठ दांड्याला जखडलेली नव्हती. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याने आपली जागा सोडू नये, अशी त्यांची स्वतंत्र मांडणी होती. एवढ्या किमतीत ही चैन सहसा मिळत नसे. कातायामा २०१५ साली वारले, तेव्हा त्यांचे वय १०५ होते.

१९७० साली पूर्व आफ्रिकेतली चिखलधुळीची सफारी शर्यत या गाडीने जिंकली. पण तिचे खरे नाव झाले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियात पीटर ब्रॉक नावाच्या कल्पक माणसाचा शर्यतीच्या गाड्या तयार करण्याचा कारखाना होता. त्याने दोन दारांची ५१० घेतली, पांढरा-तांबडा-निळा रंग दिला, ४६ नंबर घातला आणि जॉन मॉर्टनला चक्रावर बसवले. समोर इटलीच्या अल्फा रोमिओ. त्यांचे नाव शर्यतींच्या दुनियेत आधीच गाजलेले. १९७० चे अजिंक्यपदही त्यांचेच.

१९७१ च्या मोसमाचा निकाल शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपला. जागा लागुना सेका. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ कोरडे तळे. शर्यत संपली तेव्हा अल्फा पुढे होती. मग तपासनीस आले. पेट्रोलची टाकी मोजली, तर ती नियमापेक्षा मोठी निघाली! अल्फा बाद झाली आणि अजिंक्यपद डॅटसनकडे गेले. कोणी म्हणेल, हा विजय मापाच्या भांड्याचा, गाडीचा नव्हे. मला ते पटत नाही. टाकीत पेट्रोल कमी म्हणजे मध्येच थांबून भरणे आले, आणि थांबणे म्हणजे मागे पडणे. ते ओझे डॅटसनने वाहिले होते. पुढच्या वर्षी, १९७२ साली, मॉर्टनने पुन्हा अजिंक्यपद मिळवून शंकाच मिटवली. त्यानंतर ही स्पर्धा बंद पडली.

साध्या ५१० पुढे उन्हापावसात गंजल्या, भंगारात गेल्या. पण १९७४ पासून त्याच लागुना सेकाला जुन्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. आज तिथे धावणारी ५१० पाहावी. आतल्या गाद्या काढलेल्या. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा. पेट्रोलसाठी न फुटणारी रबरी पिशवी. गाडी जमिनीलगत बसवली की मागची चाके वरून आत झुकतात आणि टायर एका कडेने झिजतात; म्हणून त्यांच्या आधाराची भोके नव्याने पाडून कोन जुळवावा लागतो. जीव वाचवण्याची साधने आजची चालतात. इंजिन आणि बांधणी मात्र त्या काळाला धरून हवी. गाडी कुठे, कोणत्या साली धावली याचे कागदही मागतात. इतिहासाच्या मास्तराला यापरते सुख कोणते?

मला खुपते ते वेगळेच. कुणाची तरी भाजी आणणारी ५१० घ्यायची, तिला ब्रॉकचे रंग फासायचे आणि ४६ नंबर ठोकायचा, हा प्रकार आता फार झाला आहे. हौस म्हणून असेल, तर माझी हरकत नाही. माझ्या कादंबऱ्यांतही तेच असते. पण विकताना मालकाने ही खोटी ४६ आहे हे सांगायलाच हवे, नाहीतर तीही चोरून मोठी केलेली टाकीच.

आणि खऱ्या, त्या काळी धावलेल्या गाड्यांचे काय? काही जण म्हणतात, काचेआड ठेवा. लागुना सेकाचे आठवे वळण पाच-सहा मजली घरावरून उतरावे तसे नागमोडी कोसळते. तिथे चूक झाली तर पन्नास वर्षांचा ऐवज एका क्षणात चेपतो. भीती खरी आहे. तरी ती उतरणीला लागावी, इंजिनाचा आवाज चढावा, मागची चाके आपापली जमीन धरून ठेवताना दिसावीत, असे मला वाटते. काचेआड ते कसे कळणार? आणि डॅटसनचा पत्रा पातळ आहे. ठोकून सरळ करता येतो.