नसलेली माणसं दिसतात? 'बाहेरचं' नव्हे, मेंदूचा आजार असू शकतो

भिवंडी : स्मृतिभ्रंश म्हणजे विसराळूपणा, एवढंच आपल्याला ठाऊक. पण 'लेवी बॉडी' या कमी आढळणाऱ्या प्रकारात आठवण बऱ्यापैकी शाबूत असतानाच म्हाताऱ्या माणसाला ओटीवर नसलेली माणसं, पोरं, जनावरं दिसू लागतात. घरचे 'बाहेरचं झालंय' म्हणून भगताकडे नेतात आणि उपचाराचे महिने वाया जातात.

या आजारात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचतात. डॉ. लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांची नोंद केली, म्हणून हे नाव.

लक्षणं : एक दिवस बोलणं नीट, दुसऱ्या दिवशी गोंधळ. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं. चाल मंदावणं, अंग ताठणं, तोल जाणं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भास थांबवायची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतात. त्यामुळे मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. डॉक्टरांना फक्त भास नाही, झोप आणि चालही सांगा. मेंदूविकार तज्ज्ञांसाठी परळचं केईएम रुग्णालय आहे.

आजार पुरता बरा होत नाही, त्रास मात्र कमी करता येतो. 'तिथं कोणी नाही' म्हणून वाद घालू नका. दिवा लावा, जवळ बसा, धीर द्या. सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.