गावावरून पडलेली कुलनामे : पेण-रोहे परिसर व बेने इस्रायल समाज

पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गडब हे गाव लागते. या पट्ट्यातील खारजमिनी, मिठागरे व भातशेती यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आगरी कुटुंबांत म्हात्रे, पाटील, ठाकूर ही आडनावे सर्वत्र आढळतात. यांतील पाटील हे आडनाव उघडच गावाच्या अधिकारपदावरून आले असून म्हात्रे या आडनावाचा संबंधही अभ्यासक ‘महत्तर’ या जुन्या ग्रामाधिकारवाचक शब्दाशी जोडतात. गडब गावात राहणाऱ्या मनुष्यास गडबकर म्हणण्याचे कोणालाच कारण पडत नाही. जेथे सगळेच गडबचे, तेथे त्या विशेषणाने कोणाची ओळख पटणार? तोच मनुष्य गाव सोडून रोह्यास अगर मुंबईस जाऊन राहिला, की मात्र तो शेजाऱ्यांच्या तोंडी गडबकर होऊ शकतो. ‘-कर’ या प्रत्ययाचे मर्म हेच आहे. कुटुंब कोठे राहते हे तो सांगत नाही. ते कोठून निघाले एवढेच सांगतो. स्थलवाचक कुलनाम हा बहुधा स्थलांतराचा अवशेष असतो.

भूमीवरून कुलनाम पडण्याची चाल केवळ महाराष्ट्रातील नव्हे. स्कॉटलंडमध्ये मरे हे घराणे मोरे या प्रांतावरून आणि गॉर्डन हे घराणे बेरिकशरमधील गॉर्डन या ठिकाणावरून ओळखले जाऊ लागले. परंतु तेथील सरदार घराण्यांच्या बाबतीत असे नाव प्रायः भूमीवरील स्वामित्व दर्शवी. कोकणातील पेणकर हा पेणचा धनी नव्हे. तो पेणहून आलेला, एवढाच अर्थ. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे ज्या समाजापाशी फारशी जमीन नव्हती, वतन नव्हते आणि दीर्घकाळ लिखित इतिहासही नव्हता, त्याच्या बाबतीत अशी कुलनामे किती मोलाचे साधन ठरतात, हे स्पष्ट होते. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाज हा असा समाज होय.

या समाजाच्या परंपरेनुसार त्याचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही घटना केव्हा घडली याविषयी मते भिन्न आहेत. बाहेरच्या जगास या लोकांची वार्ता लिखित स्वरूपात मिळते ती १७३८ साली, धर्मोपदेशक सार्टोरियस यांच्या पत्रातून. तोवर ते मराठी बोलणारे, मराठी वेष करणारे, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक म्हणून कोकणात परिचित होते. यावरूनच त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. सुंता, शब्बाथ, काही उपवास व सण आणि ‘शेमा’ हा श्रद्धामंत्र यांपलीकडे मूळ धर्माचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्यापाशी उरले नव्हते. डेव्हिड रहाबी नामक पुरुषाने त्यांची ओळख पटवून तिघांना धर्मशिक्षण दिले व काजी नेमले, अशी आख्यायिका आहे. ते तिघे झिराडकर, राजपुरकर व शापूरकर या घराण्यांतील होते, असे परंपरा सांगते. समाजातील धार्मिक अधिकाराची पहिली स्मृती व्यक्तिनामांपेक्षा गावांच्या नावांनी जपली गेली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

घाण्याचा धंदा असा, की लहानशा गावास एकदोन घाणे पुरतात. साहजिकच तेल्याचे कुटुंब वाढले म्हणजे नव्या पिढीस दुसरे गाव शोधावे लागे. यामुळे हा समाज एका ठिकाणी गोळा न होता खाड्यांच्या काठाकाठाने शंभराहून अधिक गावांत विखुरला. त्याच्या कुलनामांची यादी पुढे ठेवली, तर ती या विखुरण्याचा नकाशाच ठरते. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, पेझारीचे पेझारकर, पेणचे पेणकर, वाक्रूळचे वाक्रूळकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेच्या पलीकडील तीरावरील अष्टमीचे अष्टमकर, घोसाळ्याचे घोसाळकर, तळ्याचे तळकर, राजपुरीचे राजपुरकर. ही गावे जोडीत गेल्यास धरमतरच्या खाडीपासून राजपुरीच्या खाडीपर्यंतचा मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. चेऊलकर या रूपात तर चौलच्या नावाचा ‘चेऊल’ हा जुना उच्चारही टिकून राहिला आहे.

ही नावे कुलनामे म्हणून स्थिर केव्हा झाली? एखादा मनुष्य विशिष्ट गावचा म्हणून ओळखला जाणे निराळे आणि त्याच्या नातवाने, ते गाव कधी न पाहताही, तेच नाव लावणे निराळे. दुसरी अवस्था आल्याखेरीज कुलनाम सिद्ध होत नाही. समाजाच्या परंपरेप्रमाणे बेने इस्रायलांचे मुंबईस येणे अठराव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले व प्रथम आलेल्यांत दिवेकर घराणे होते. याच घराण्यातील समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी कंपनीच्या सैन्यात नोकरी केली, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि गावावरून पडलेले कुलनाम असा मराठी रीतीचा पुरा त्रिपदी नामक्रम येथे दिसतो. त्या अर्थी अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील बेने इस्रायलांत ही पद्धती रुजली होती, असे मानण्यास हरकत नाही. त्यास व्यावहारिक कारणही होते. हसाजी, समाजी, एलोजी, मुसाजी, अब्राजी अशी मोजकी व्यक्तिनामेच समाजात पुन्हा पुन्हा येत. पलटणीच्या हजेरीपटावर दोन समाजी हसाजी आले, तर त्यांतील निवाडा गावाच्या नावानेच व्हायचा.

या साधनाचा उपयोग करताना तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, एकाच नावाची गावे अनेक असतात. दिवे या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. शहापूर अलिबाग तालुक्यात आहे तसे ठाणे जिल्ह्यातही आहे. नवगाव व नागाव ही एकाच तालुक्यातील दोन गावे नामसादृश्यामुळे सहज गोंधळ उत्पन्न करतात. दुसरी, तेच आडनाव निरनिराळ्या समाजांत आढळते. दिवेकर चित्पावनांतही आहेत आणि घोसाळकर हिंदूंतही आहेत. एका गावातून दोन कुटुंबे बाहेर पडली एवढाच याचा अर्थ; त्यांच्यात रक्ताचे नाते शोधणे व्यर्थ होय. तिसरी, ‘-कर’ हे नाव प्रवासातील एकाच टप्प्याचे स्मरण ठेवते. त्या गावापूर्वी कुटुंब कोठे होते याविषयी ते मूक असते. म्हणून नवगावकर हे नाव नवगावच्या वस्तीचा पुरावा आहे. गलबत फुटल्याच्या कथेचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकात या नामपद्धतीत पालट झाला. अमेरिकन मिशन आणि स्कॉटिश धर्मोपदेशक डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळांतून बेने इस्रायल मुले हिब्रू शिकू लागली. हसाजीचा इझिकेल, समाजीचा सॅम्युएल, एलोजीचा एलायजा झाला. सरकारी नोकरीत व सैन्यात पित्याचे अगर आजाचे नावच आडनावाच्या जागी येऊ लागले. विल्सन हे नावही मुळात ‘विल्‌चा पुत्र’ अशाच अर्थाचे आहे, हा योगायोग मौजेचा. सॅमसन, बेंजामिन, इझिकेल अशी आडनावे पुढे आली व अनेक घरांत गाव मागे पडले. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांच्या परिचित नावात गावाचा मागमूस नाही. चित्रपटांतून केवळ डेव्हिड या नावाने गाजलेल्या नटाचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते, हे किती प्रेक्षकांस ठाऊक असेल? उलट काहींनी गावच प्रमाण मानले. मुंबईत १८७५ साली समाजाची शाळा काढणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पूर्ण केला. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. हिब्रू ग्रंथ मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपुरकर हेही याच पिढीचे. महात्मा गांधींचे एक चिकित्सक डॉ. अब्राहम एरुळकर यांच्या कन्या लीला पुढे सायप्रसचे अध्यक्ष ग्लाफकोस क्लेरिदेस यांच्या पत्नी झाल्या आणि कोकणी वळणाचे एक नाव भूमध्य समुद्राच्या काठी पोचले.

कुलनाम किती बोलते व कोठे गप्प बसते याची खरी कसोटी मात्र इस्रायलमध्ये लागली. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६१ साली या समाजाशी विवाहसंबंध तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ च्या निर्देशांनी बेने इस्रायल वधूवरांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे बंधन विवाहनोंदणी करणाऱ्यांवर घातले. ज्यांनी शतकानुशतके परमुलखात शनिवारचा घाणा बंद ठेवला, त्यांना स्वधर्मीयांच्या देशात आपले यहुदीपण सिद्ध करावे लागावे, याचा क्षोभ होणे स्वाभाविक होते. १९६४ साली जेरुसलेममध्ये निदर्शने झाली व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. त्यानंतर निर्देशांतील या समाजाचा नामनिर्देश काढून टाकण्यात आला.

या वादात पेणकर अगर रोहेकर या नावाचे प्रामाण्य किती? कुलनाम पित्याकडून पुत्राकडे येते. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे यहुदीपण मातेकडून येते. विवाहानंतर स्त्रीचे माहेरचे नाव लोपते. म्हणजे ज्या बाजूची चौकशी होती, नेमकी तीच बाजू कुलनामांत नोंदलेली नव्हती. घराण्याचे गाव दहा पिढ्यांपर्यंत सांगता येईल, पण पणजीच्या आईचे कुळ त्या नावातून निघणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वंशांश लक्षणीय प्रमाणात आढळले. दोन्ही मुळांचे हे सत्य कुलनामात वेगळ्या रीतीने पूर्वीपासूनच उमटलेले होते. डेव्हिड अब्राहम चेऊलकर या नामक्रमात पहिली दोन पदे बायबलची आहेत आणि तिसरे कोकणचे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा कोकणातील बहुतेक गावांत या समाजाचे एकही घर उरले नव्हते. अलिबागेस, पेणला, अष्टमीस प्रार्थनामंदिरे आहेत. पण ज्या खेड्यांवरून आडनावे पडली त्यांतील कित्येकांत घाण्याच्या दगडाखेरीज, क्वचित कबरींखेरीज, खूण सापडणे कठीण. ‘-कर’ हा प्रत्यय मनुष्य गावाबाहेर पडल्यावरच लागतो, हे आरंभी सांगितले. येथे त्याची परिसीमा झालेली दिसते. पेणकर पेणमध्ये दुर्मिळ झाले, पण ते नाव मुंबईत आणि समुद्रापलीकडे चालू आहे. कोकणच्या ग्रामेतिहासाच्या अभ्यासकाने गावचे दप्तर पाहावे, तसेच गाव सोडून गेलेल्यांची आडनावेही पाहावीत. दप्तरात त्या तेल्याची नोंद नसेल, पण त्याच्या वंशजाच्या नावात ते गाव अद्याप नोंदलेले आहे.