मेंदूतील रक्तप्रवाहाचे रासायनिक नियमन

मेंदूच्या ज्या भागात काम वाढते, त्या भागातल्या सूक्ष्म धमन्या तिथेच निर्माण झालेल्या रासायनिक पदार्थांमुळे रुंदावतात आणि त्याला जादा रक्त मिळते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असतो, पण विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. त्याच्या दर १०० ग्रॅम भागातून मिनिटाला साधारण ५० मिलि. रक्त वाहते. मेंदूत ऑक्सिजनचा साठा जवळजवळ नसतो. पुरवठा तुटला की काही सेकंदांत शुद्ध हरपते.

या नियमनात सर्वांत प्रभावी घटक कार्बन डाय-ऑक्साइड. धमनीतील रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिमी. पारा असतो. तो १ मिमी.ने वाढला वा घटला, तर मेंदूचा रक्तप्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो वा घटतो. हा वायू रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा सहज ओलांडतो. पलीकडे त्यापासून कार्बॉनिक आम्ल व त्यातून हायड्रोजन आयन तयार होतात आणि वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. रक्तातले हायड्रोजन आयन मात्र हा अडथळा सहजी ओलांडू शकत नाहीत. म्हणून नुसते रक्त आम्लधर्मी झाल्याने तेवढा परिणाम होत नाही. भस्त्रिका प्राणायाम अतिउत्साहाने केल्यास भोवळ येते, ती याच्या उलट क्रियेमुळे: भराभर श्वासोच्छ्वासाने कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो व वाहिन्या आकसतात. वाहिन्या आकसल्या की कवटीतले रक्त घटते, म्हणून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतील दाब उतरवण्यासाठीही कृत्रिम श्वासाची गती वाढवतात. हा उपाय तात्पुरताच ठेवावा लागतो. मेंदूचा रक्तप्रवाह फार कमी झाला तर जखमी मेंदूचीच हानी होते. शिवाय मेंदूभोवतीच्या द्रवातले बायकार्बोनेट काही तासांत जुळवून घेते आणि परिणाम ओसरतो.

ऑक्सिजनचा प्रभाव उशिरा दिसतो. त्याचा दाब सुमारे ५० मिमी.च्या खाली गेल्यावरच प्रवाह झपाट्याने वाढतो. पोटॅशियम, अॅडेनोसिन, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन हेही वाहिन्या रुंदावतात.

चयापचयातून साचलेले पदार्थच रक्त ओढून आणतात, ही कल्पना रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मांडली. ती अर्धीच खरी ठरली. फॉक्स व रायकल यांनी १९८६ मध्ये दाखवले, की उद्दीपित भागात रक्त जितके वाढते, त्या मानाने ऑक्सिजनचा वापर फारच कमी वाढतो. केवळ तुटवड्याची भरपाई होत असती, तर एवढे जादा रक्त आले नसते. चेताकोशिकांतून सुटणारे ग्लूटामेट नायट्रिक ऑक्साइडसारख्या दूतांकरवी, टंचाई होण्याआधीच, वाहिन्यांना रुंदावण्याचा संकेत देते. ताराकृती आधारकोशिकांचाही यात वाटा असतो.

या जादा ऑक्सिजनयुक्त रक्तावरच सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये वर्णिलेले, मेंदूचे काम टिपणारे एमआरआय तंत्र (एफएमआरआय) आधारलेले आहे. त्या चित्रांत चेताकोशिकांचे काम थेट दिसत नाही, त्यामागून आलेले रक्त दिसते. कॉफीतील कॅफीन अॅडेनोसिनचे काम रोखून मेंदूचा रक्तप्रवाह घटवते, त्यामुळे चाचणीपूर्वी घेतलेली कॉफीही या चित्रात फरक पाडू शकते.