कुलूप एक, नकला दोन : मोबाइलच्या गाभ्यातील एका दुरुस्तीचा इतिहास

१/ नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. घराबाहेर धावताना दोन वर्षांच्या एका बालिकेचा मृत्यू झाला. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी अनेक रात्री उघड्यावर आणि तंबूंत काढल्या. अशा रात्री उशाशी ठेवलेला मोबाइल आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्यावर नातलगांचा कॉल येऊ शकेल का? या साध्या प्रश्नाच्या उत्तरामागे संगणकविद्येचा एक अल्पपरिचित इतिहास आहे.

२/ अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत फोनमधील सर्व माहितीला मिळून एकच कुलूप असे. ते पासवर्डशी जोडलेले असेल, तर फोन पुन्हा सुरू झाल्यावर पासवर्ड मिळेपर्यंत सारेच बंद राही. गजर वाजत नसे, येणारा कॉलही घेता येत नसे. वाड्याच्या दिंडीलाच कुलूप आणि आतल्या एकाही खोलीला दार नाही, असा तो प्रकार होता.

३/ २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ ने फाइलनिहाय कूटबद्धता आणली. कॉल आणि गजर यांना लागणारी माहिती फोन सुरू होताच उपलब्ध होऊ लागली. छायाचित्रे आणि खासगी संदेश मात्र मालकाने पासवर्ड देईपर्यंत बंदच राहिले. हे काम कोणतेही अॅप करीत नाही. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ते करतो.

४/ या सोयीचा पाया २०१५ मध्ये घातला गेला. मायकेल हॅलक्रो, थिओडोर त्सो आदींच्या प्रयत्नांतून ‘ईएक्सटी-४’ या फाइल प्रणालीत कूटबद्धता आली आणि ती लिनक्स ४.१ मध्ये समाविष्ट झाली. पुढच्याच आवृत्तीत, ४.२ मध्ये, मोबाइलच्या स्मृतीसाठी घडवलेल्या ‘एफटूएफएस’ प्रणालीलाही ती मिळाली. परंतु ती मिळाली नकलेच्या रूपाने. एकाच कुलपाची घडण आता दोन ठिकाणी स्वतंत्रपणे नांदू लागली.

५/ नकलांचा धोका मराठी वाचकाला नवा नाही. हस्तलिखितांतून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संगणकाच्या संहितेचेही तसेच आहे. एका प्रतीतील दोष सुधारला आणि दुसरीतील राहून गेला, तर काव्यात पाठभेद उरतो. कुलपात मात्र चोरवाट उरते.

६/ म्हणून २०१६ मध्ये जेगक किम यांनी दोहोंतील समान भाग वेगळा काढून एका सामायिक दालनात आणला. लिनक्स ४.६ मध्ये एफटूएफएस त्या दालनावर विसंबू लागली, ४.८ मध्ये ईएक्सटी-४ ही आली. वापरणाऱ्याला यातले काहीही जाणवले नाही, आणि जाणवू नये हाच हेतू होता. बाहेरचे वर्तन जसेच्या तसे ठेवून आतली रचना नीट लावणे, याला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात.

७/ लाभ लवकरच दिसला. स्वस्त फोनच्या प्रोसेसरमध्ये ‘एईएस’ या प्रचलित कूटपद्धतीसाठी खास सोय नसल्याने ते मंदावत. पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी त्यांच्यासाठी ‘अडिअँटम’ ही जलद पद्धत रचली. मार्च २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये ती सामायिक दालनात एकदाच बसवावी लागली. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनला, मग तो कितीही स्वस्त असो, फाइलनिहाय कूटबद्धता बंधनकारक झाली.

८/ एकत्र आणलेल्या रचनेतील उणिवा दूर करणेही सुकर झाले. पहिल्या पद्धतीत एका फाइलची किल्ली हाती लागली, तर उलट गणित मांडून मुख्य किल्लीपर्यंत पोहोचता येई. शिवाय किल्लीवर लिहिलेले नाव खरोखर तिचेच आहे का, हे कर्नल पडताळत नसे; कोणीही चुकीची किल्ली पुढे करू शके. नोव्हेंबर २०१९ च्या लिनक्स ५.४ मध्ये बिगर्स यांनी दुसरी पद्धत आणली. तीत उलट गणिताची वाट बंद झाली आणि किल्लीची ओळखखूण किल्लीतूनच निर्माण होऊ लागली.

९/ तरीही पहिली पद्धत पुसून टाकता आली नाही. तिने बंद केलेल्या फाइली लोकांच्या यंत्रांत होत्या, आणि जुन्या कुलपाला नवी किल्ली लागत नाही. सदोष ठरलेली ती वाट नव्या दालनात जपून ठेवावी लागली, कारण तिच्या पलीकडे कोणाची तरी पत्रे, कोणाची तरी छायाचित्रे होती. नवी कुलपे दुसऱ्या पद्धतीची घडवावीत, जुनी मात्र उघडत राहावीत, असा मार्ग कर्नलच्या कारागिरांनी स्वीकारला.